सीटी स्कॅन झाला होता, मग शवविच्छेदन कशाला?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचा ३४ वर्षांचा चुलतभाऊ दुचाकीवरून पडला, डोक्याला मार लागला. खासगी रुग्णालयात कवटी उघडून शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. डोक्याचा सीटी स्कॅन झालेला होता, त्यात रक्तस्राव स्पष्ट दिसत होता. तरीही पोलिसांनी मृतदेह सरकारी रुग्णालयात नेला आणि शवविच्छेदन झालं. काकू अजूनही म्हणतात, ‘माझ्या लेकाला उगाच चिरलं.’ तुमचं म्हणणं असं, की परदेशात आणि आता दिल्लीतही नुसत्या स्कॅनवर काम होतं, मग आपल्याकडे का नाही?

मी २२ वर्षं न्यायवैद्यक विभागात काम करते आहे. शवागाराच्या दाराशी हाच प्रश्न मला शेकडो नातेवाइकांनी विचारला आहे, पण तिथे उत्तर द्यायला धड पाच मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून इथे सविस्तर लिहिते. तुमच्या भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे त्याच्याबद्दल मी जे म्हणेन ते अशा मृत्यूंमध्ये सहसा काय असतं, त्यावरून.

मुळात दोन वेगळे स्कॅन एकाच नावाखाली येत आहेत. भावाचा स्कॅन झाला तो तो जिवंत असताना, उपचारासाठी. न्यूरोसर्जनला तेव्हा एवढंच ठरवायचं होतं: आत रक्त साचलंय का, कुठे, आणि आत्ता उघडावं लागेल का? त्या प्रश्नाचं उत्तर त्या स्कॅनने दिलं. दिल्लीत होतो तो स्कॅन मृत्यूनंतरचा, डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या शरीराचा, आणि तो वाचणाऱ्या माणसाला मृतदेहात आपोआप होणारे बदल ओळखता यावे लागतात. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला उतरतं, त्यामुळे फुप्फुसाचा मागचा भाग पांढुरका दिसतो. जिवंत माणसात असं चित्र आलं तर न्यूमोनिया म्हणतील. शरीर कुजायला लागलं की रक्तवाहिन्यांत वायू तयार होतो, आणि नवख्याला ते एअर एम्बोलिझम (जिवंतपणी रक्तवाहिनीत हवा शिरून अडकणं) वाटतं. रोज शंभर जिवंतांचे स्कॅन वाचणारा उत्तम रेडिओलॉजिस्टही इथे चकू शकतो.

आता भावाकडे येते. शस्त्रक्रिया झालेलं डोकं शवविच्छेदनाला येतं तेव्हा आम्हाला सर्जनचं काम आधी दिसतं आणि अपघाताचं काम नंतर. साचलेलं रक्त शोषून काढलेलं असतं. कवटीचा एक तुकडा काढलेला असतो, आणि कित्येकदा मूळ फ्रॅक्चरची रेघ नेमकी त्याच तुकड्यातून गेलेली असते. मेंदू सुजलेला, मऊ झालेला असतो. मूळ दुखापत कशी होती, ते सांगणारा एकच साक्षीदार उरतो: दाखल करतेवेळचा तो पहिला सीटी. म्हणून मी टेबलावर जाण्याआधी पोलीस शिपायाला विचारते, ‘ॲडमिशनचा स्कॅन आणलाय का?’ बहुतेक वेळा त्याच्याकडे मृत्यूचा सारांश लिहिलेलं एक पान असतं, फिल्म नसते. कधीकधी तर नातेवाइकांपैकी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये फिल्मचा फोटो असतो, खिडकीच्या उजेडासमोर धरून काढलेला, मागे कडेला ग्रिलची सावली. त्या फोटोवरसुद्धा मी मान वाकवून पाच मिनिटं घालवली आहेत. तेव्हा तुमच्या घरच्यांना जो स्कॅन ‘पुरेसा’ वाटला, तो आमच्याही दृष्टीने फार मोलाचा आहे. मात्र त्याने सगळी उत्तरं मिळत नाहीत.

कोणती मिळत नाहीत? तो स्वतः घसरला की मागून कुणी धडक दिली? पोटरीवरचा खरचटा जमिनीपासून किती उंचीवर आहे, कातडीवर टायरचा ठसा आहे का, हे डोळ्यांनी, चांगल्या उजेडात, पट्टी लावून पाहावं लागतं. डोक्याच्या सीटीत ते येणार कुठून? आणि मृत्यू तिसऱ्या दिवशी झाला. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाच्या रक्तात हाडातली चरबी मिसळून फुप्फुसात अडकते, आणि हे बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांत होतं. त्याची खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. पायातून सुटलेली गुठळी फुप्फुसात अडकली असेल, जंतुसंसर्ग झाला असेल. ‘डोक्याला मार लागून मृत्यू’ हे वाक्य बहुतेक वेळा खरंच निघतं. पण धडक देणाऱ्याचा वकील उद्या न्यायालयात उभा राहून म्हणेल, ‘मृत्यू अपघाताने नाही, उपचारातल्या चुकीने झाला.’ त्या वेळी स्वतः देह पाहून लिहिलेलं उत्तर डॉक्टरकडे असावं लागतं.

एवढं सगळं सांगूनही मी स्कॅनच्या बाजूची आहे. पूर्ण बाजूची. फक्त ज्या कारणासाठी तुम्ही तो मागता आहात, त्याहून माझं कारण वेगळं आहे.

थोडा इतिहास सांगते. रोंटगेनने क्ष-किरण शोधले १८९५च्या नोव्हेंबरात, आणि १८९६ संपायच्या आत इंग्लंडमध्ये डोक्यात गोळ्या लागलेल्या एका बाईच्या कवटीतल्या गोळ्या शोधायला ते वापरले गेले. गुन्ह्याच्या तपासाने हे तंत्र इतक्या झटकन उचललं, कारण धातू सावलीत लपत नाही. पण साध्या एक्स-रेत शरीराची सगळी खोली एका सपाट सावलीत गोळा होते, आणि त्यातून भलते निष्कर्ष निघतात. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या ममीचा १९६८ साली एक्स-रे काढला तेव्हा कवटीत हाडाचा तुकडा दिसला, आणि ‘राजाला डोक्यात घाव घालून मारलं’ ही कथा पुढे जवळजवळ चाळीस वर्षं चालली. २००५मध्ये सीटी केला तेव्हा घावाचा पुरावा मिळाला नाही. ते तुकडे सुटे होते, जिवंतपणीच्या जखमेचे नव्हते. सावली तीच होती, फक्त आता ती काप-काप करून पाहता आली.

मृत्यूनंतरच्या सीटीला खरी शिस्त आणली ती स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गटाने. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून रिचर्ड डिर्नहोफर, मिखाएल थाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं आणि त्याला ‘व्हर्टॉप्सी’ हे नाव दिलं. ‘व्हर्च्युअल’ला ‘ऑटोप्सी’ (शवविच्छेदन) जोडून हे नाव करताना त्यांनी त्यातला ‘ऑटो’ मुद्दाम वगळला. ‘ऑटो’ म्हणजे स्वतः, आणि त्यांना एका माणसाच्या डोळ्यांवर विसंबणं कमी करायचं होतं. मेलबर्नच्या व्हिक्टोरियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन्सिक मेडिसिनने २००५मध्ये शवागारातच सीटी यंत्र बसवलं. तिथे येणाऱ्या मृतदेहांचा स्कॅन आधी होतो, मग उघडायचं की नाही ते ठरतं. २००९च्या वणव्यांत तिकडे १७३ माणसं गेली, तेव्हा जळालेल्या अवशेषांची ओळख पटवायलाही हे यंत्र कामी आलं. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२१मध्ये अशा स्कॅनचं केंद्र सुरू झालं. २०२२ साली कलाकार राजू श्रीवास्तव गेले, त्यांची तपासणी तिथे याच पद्धतीने झाली. तुमच्यापर्यंत पोचलेल्या बातम्या बहुधा तेव्हाच्या.

आता आकडे, कारण त्यांवाचून बोलणं म्हणजे नुसतं मत. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला. १८२ मृतदेहांचा सीटी आणि एमआरआय दोन्ही केले, मग नेहमीसारखं शवविच्छेदन केलं आणि मृत्यूचं कारण जुळतं का ते पाहिलं. सीटीच्या बाबतीत ३२ टक्के प्रकरणांत मोठी तफावत निघाली, एमआरआयच्या बाबतीत ४३ टक्के. निसटलं काय? हृदयविकार, फुप्फुसातली गुठळी, न्यूमोनिया, पोटातले आजार. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ज्या मृतदेहांबाबत रेडिओलॉजिस्टने सीटी पाहून ‘मला खात्री आहे, इथे शवविच्छेदनाची गरज नाही’ असं लिहिलं होतं, तिथे तफावत निम्म्यावर, १६ टक्क्यांवर आली. म्हणजे यंत्रापेक्षा ‘मला कुठे खात्री नाही’ हे ओळखणारा माणूस महत्त्वाचा. पुढे २०१७मध्ये ब्रिटनमधल्याच लेस्टरच्या गटाने मानेतून बारीक नळी हृदयाजवळच्या महाधमनीपर्यंत नेऊन त्यातून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं द्रव्य) सोडला. थांबलेल्या हृदयाच्या वाहिन्या त्यामुळे दिसू लागल्या, आणि ९२ टक्के प्रकरणांत कारण सांगता आलं. हे मृत्यू संशयास्पद नव्हते, हे मात्र ध्यानात ठेवा.

कुठे स्कॅन आमच्या पुढे असतो, ते एका प्रसंगाने सांगते. एका रात्री छातीत गोळी लागलेला तरुण आला. डाव्या कॉलरबोनखाली करंगळीच्या टोकाएवढं भोक, कडेला काळपट वळ. पाठीवर काहीच नाही. म्हणजे गोळी आतच. आमच्या शवागारात यंत्र नव्हतं. एक्स-रे विभागातला शेवटचा रुग्ण जाईपर्यंत थांबलो, मग मागच्या जिन्याच्या बाजूने स्ट्रेचर नेलं. टेक्निशियनने टेबलावर प्लास्टिक अंथरलं, कॅसेट पाठीखाली सरकवली. छातीत गोळी नाही. पोटात नाही. तिसऱ्या प्लेटमध्ये उजव्या मांडीच्या वरच्या भागात एक लखलखीत पांढरा ठिपका. गोळी महाधमनीत शिरली होती आणि रक्ताच्या धारेबरोबर वाहत मांडीच्या धमनीत जाऊन अडकली होती. एक्स-रे नसता तर मी फुप्फुसं चिरून चिरून रात्र काढली असती, आणि गोळी कदाचित सापडलीच नसती. गोळी नाही तर बॅलिस्टिकचा (गोळी कोणत्या बंदुकीतून सुटली त्या तपासणीचा) अहवाल नाही, आणि अहवाल नाही तर हत्यार कुणाचं हे सिद्ध होत नाही.

हाडं, धातू, भलत्या जागी साचलेली हवा, कवटीत किंवा हृदयाभोवती साचलेलं रक्त: इथे सीटी आमच्याहून वरचढ आहे. बरगड्यांची मागची टोकं, चेहऱ्याची बारीक हाडं, पाठीचा कणा आम्ही नेहमी उघडतही नाही. जळालेला, कुजलेला, बॅगेत बांधून आणलेला देह बॅग न सोडता पाहता येतो. दात आणि कपाळातल्या पोकळीची नक्षी जुन्या एक्स-रेशी ताडून ओळख पटवता येते.

आणि कुठे स्कॅन मुका होतो? दुसरा प्रसंग. तिशीच्या आतली बाई, लग्नाला चार वर्षं. घरचे म्हणाले, ‘झोपेतच गेली.’ मानेची कातडी स्वच्छ. पापणीच्या आत मात्र टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. म्हणजे गळा दाबल्याची शंका. अशा वेळी आम्ही आधी डोकं आणि छाती उघडतो, म्हणजे मानेतलं रक्त निथळून जातं, आणि मग मान एकेक थर उलगडत जातो. तिच्या डाव्या बाजूच्या पट्टीसारख्या स्नायूत मसुराच्या डाळीएवढे दोन रक्ताचे डाग होते. स्वरयंत्रावरचं हाड शाबूत होतं. तरुण वयात ते लवचीक असतं, सहसा मोडत नाही. तिचा सीटी केला असता तर तो ‘नॉर्मल’ आला असता. एमआरआयमध्ये स्नायूतलं रक्त दिसू शकतं, पण डाळीएवढ्या डागावर मी कुणाचा खटला उभा करणार नाही. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा असा मृत्यू झाला की शवविच्छेदनाला पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते का, हे मला त्या दिवशी पुन्हा कळलं.

विषबाधेचंही तसंच. आपल्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मृतदेहांत कीटकनाशकाचं प्रमाण किती मोठं आहे, हे इथल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. पोट उघडताच येणारा तो वास, जठराच्या आतल्या आवरणाचा रंग, आणि मग व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) राखून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवणं. यांतलं काहीही चित्रात येत नाही. रसायन ओळखायला रसायनशास्त्रच लागतं.

आता माझं कारण. आपल्याकडे बहुसंख्य मृतदेहांचं दहन होतं, तेही त्याच दिवशी. पुरलेला देह मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने पुन्हा उकरून तपासता येतो. चितेनंतर उरतात अस्थी, आणि त्याही तिसऱ्या दिवशी नदीत जातात. त्यानंतर कुणी शंका काढली तर हातात काय असतं? आम्ही लिहिलेला कागद. घाईत, कधी अपुऱ्या उजेडात, दिवसातली सातवी-आठवी केस करताना लिहिलेला. मी जे पाहिलं नाही ते कायमचं गेलं. सीटीचा डेटा मात्र राहतो. दहा वर्षांनी दुसरा तज्ज्ञ तो उघडून, माझं मत न वाचता, स्वतःचं मत बनवू शकतो. म्हणून माझी मागणी आहे की स्कॅन शवविच्छेदनाच्या आधी व्हावा, आणि तो कायम जपून ठेवला जावा. त्यानंतर ज्या मृत्यूंत संशय नाही आणि कारण चित्रात निर्विवाद आहे, तिथे शरीर उघडू नये किंवा शंकेपुरतंच उघडावं. तुमच्या भावासारख्या कितीतरी जणांना या वाटेने न चिरता घरी जाता येईल, असं मला मनापासून वाटतं.

कायदा आड येतो का? लोक समजतात तितका नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ (१ जुलै २०२४पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं) सांगतं, की मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल किंवा पोलीस अधिकाऱ्याला आवश्यक वाटेल तर मृतदेह सिव्हिल सर्जन किंवा नेमलेल्या डॉक्टरकडे ‘तपासणीसाठी’ पाठवावा. तपासणी कशी करायची, हे कलमात लिहिलेलं नाही. एम्सला त्यामुळेच वाट मिळाली. मात्र पाठवायचं की नाही हा निर्णय तपास अधिकाऱ्याचा आणि मॅजिस्ट्रेटचा. मेडिकोलीगल (पोलीस तपास असलेल्या) प्रकरणात नातेवाइकांची संमती घेतली जात नाही, आणि डॉक्टरलाही ‘राहू द्या, घेऊन जा’ म्हणता येत नाही. काकूंनी तिथल्या डॉक्टरला दोष दिला असेल तर एवढं त्यांना जरूर सांगा.

अडचण आहे ती साधनांची. आपल्या जिल्हा रुग्णालयांत सीटी यंत्र असतं ते जिवंतांसाठी, आणि त्याच्या बाहेर रांग असते. त्या रांगेतल्या आईला ‘थांबा, आधी मृतदेह’ असं मी सांगू शकत नाही, सांगणारही नाही. शवागाराचं स्वतःचं यंत्र, ते चालवणारा माणूस आणि मृतदेहाचं चित्र वाचायला शिकलेला डॉक्टर, या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. यंत्र विकत घेता येतं. वाचणारा तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तो तयार होतो ते प्रत्येक स्कॅननंतर देह उघडून आपलं मत पडताळूनच.

तुम्ही आत्ता काय करू शकता ते सांगते. खासगी रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून सगळे कागद मागा. रुग्णाच्या नोंदी मागणी केल्यापासून ७२ तासांत द्याव्यात, असा डॉक्टरांवर बंधनकारक नियम आहे. नुसती फिल्म आणि छापील रिपोर्ट घेऊन येऊ नका. दाखल करतेवेळच्या स्कॅनची सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम डेटा (स्कॅनच्या यंत्रातल्या मूळ फाइली) मागा, शस्त्रक्रियेनंतरचा स्कॅन झाला असेल तर तोही. त्याच्या दोन प्रती करा आणि एक तपास अधिकाऱ्याला पोच घेऊन द्या. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत पोलीस ठाण्यातून मिळेल. त्यात ‘मत राखून ठेवले’ असं असेल तर घाबरू नका. व्हिसेरा किंवा सूक्ष्मदर्शकाचा अहवाल यायचा बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. दुचाकीला दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर अपघात नुकसानभरपाईच्या दाव्यात हाच अहवाल तुमच्या वहिनीच्या आणि मुलांच्या हातात असेल. स्कॅन आणि अहवालात काही विसंगती वाटली तर दोन्ही घेऊन एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागात जा. आम्ही बसून दाखवतो.

आणि काकूंसाठी. शवविच्छेदनात चेहऱ्यावर सहसा सुरी लागत नाही. डोकं उघडताना छेद एका कानामागून दुसऱ्या कानामागे, केसांतून घेतात, म्हणजे शिवल्यावर तो केसांखाली जातो. छातीपोटाचा छेद शिवून, देह धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून देतात. तुम्ही लिहिलं आहे की घरी आणल्यावर काकूंनी त्याच्या तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घातलं, पण ‘याला आत काय केलं असेल’ या विचाराने त्याच्या चेहऱ्याकडे त्यांना बघवलं नाही. आमच्याकडे देह सोपवण्याआधी शेवटचं काम असतं ते चेहरा ओल्या कापडाने पुसून केस नीट बसवण्याचं. मी स्वतः ते करते, आणि माझ्याबरोबर काम करणारे सहायकही करतात. त्याच्या बाबतीतही कुणीतरी ते केलं असेल, असं त्यांना सांगा.